तिला नको

"तिला नको."

पार्टिशनच्या पलीकडून नवऱ्याचा आवाज आला आणि ती कागदी पेला ओठांशी तसाच धरून बसून राहिली. आवाज त्याचाच होता. गेले कित्येक महिने तो बोलता बोलता थांबायचा, शब्द हुडकायचा, सापडला नाही की हात हलवून "ते हे गं" म्हणायचा आणि तो शब्द तिने पुरवायचा, असं चाललं होतं. पण हे दोन शब्द त्याने न अडखळता उच्चारले होते, नोकरीत असताना फोनवर कंत्राटदाराला नकार द्यायचा तसे. त्याआधी वकीलबाईंनी काय विचारलं ते तिला धड ऐकू आलं नव्हतं. "तुम्हाला कळेनासं झाल्यावर" एवढं आलं होतं, "तुमच्या वतीने" आलं होतं आणि "बायको" हा शब्द आला होता.  त्यावर तो म्हणाला होता, तिला नको. पेल्यातलं पाणी दातांना लागेल इतकं गार होतं. ते प्यायचं की ठेवून द्यायचं, हे तिला ठरवता येईना. समोर काचेच्या दारावर वकीलबाईंचं नाव उलटं दिसत होतं. ती ते उलट्या बाजूने वाचायला लागली, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की आपल्याला एकही अक्षर लागत नाहीये.

इथे यायचं तिनेच ठरवलं होतं. मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "कागदपत्रं करायची असतील तर आत्ताच करून टाका. अजून त्यांना सगळं कळतंय. एकदा कळेनासं झालं की त्यांच्या सहीला काही अर्थ राहणार नाही." डॉक्टर हे बोलत होते तेव्हा नवरा शेजारीच बसला होता, आणि आपल्याबद्दल मोठी माणसं बोलायला लागली की मूल जसं भलतीकडेच बघतं तसा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. मग तिने चौकशा केल्या, फोन केला, दिवस ठरवला. घराचे कागद, पेन्शनचे कागद, मुदतठेवींच्या पावत्या एका पिशवीत भरल्या. त्याला इस्त्रीचा शर्ट काढून दिला. त्यांना मूलबाळ नव्हतं. जे काही होतं ते दोघांचं होतं, आणि एकाचं डोकं चालेनासं झालं तर दुसऱ्याने दोघांपुरतं चालवायचं, यात वकिलाने सांगण्यासारखं काय आहे, असंच तिला वाटत होतं. सहीपुरतं काम. पण वकीलबाईंनी, वयाने तिला मुलगी शोभतील अशा, तिला दारातच थांबवलं. "मला त्यांच्याशी एकट्याशी बोलावं लागेल. त्यांच्यावर कोणाचा दबाव नाही ना, याची खात्री करून घेतो आम्ही. सगळ्यांच्याच बाबतीत." दबाव हा शब्द ऐकून ती हसली होती. "अहो, यांच्यावर कोण दबाव आणणार? भिंतीत एक खिळासुद्धा कधी मला विचारून ठोकला नाही यांनी." वकीलबाईही हसल्या. नवरा हसला नाही. तो उठून आत गेला आणि दार लावून घेताना त्याने वळून पाहिलं नाही.

तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. ऐकू येतं पण ऐकायचं नाही, हे तिथे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. बोलणं जोडून झालं की कान काढून घ्यायचा. तिला ते इतकं जमलं होतं की लग्नानंतर स्वयंपाकघरात सासू आणि नणंद तिच्याबद्दल कुजबुजत असल्या तरी ती शेजारी उभी राहून भाजी चिरू शकायची. आज तिने पेला जमिनीवर ठेवला, उठली आणि खुर्ची पार्टिशनकडे सरकवली. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले. आतलं बोलणं थांबलं. चोरी पकडल्यासारखी ती मान खाली घालून पदार्थ नसलेल्या ताटाकडे बघावं तशी स्वतःच्या रिकाम्या मांडीकडे बघत बसली. थोड्या वेळाने बोलणं पुन्हा सुरू झालं, पण आता दोघंही हळू बोलत होते. शब्द कळेनात, नुसता त्याचा खर्जातला सूर, वकीलबाईंच्या पेनाची टकटक, आणि मध्येच, यात तिला शंका नव्हती, नणंदेचं नाव.

मी नको आणि ती हवी. का? आपण काय केलं? तिला सासूबाई आठवल्या. त्यांनाही हाच आजार होता, तेव्हा त्याला आजार म्हणत नसत, वय झालं म्हणत. सहा-सात वर्षं तिने त्यांना घरात सांभाळलं, त्यासाठी नोकरी मुदतीआधी सोडली. शेवटी शेवटी त्या तिला चोर म्हणायच्या. उशीच्या अभ्र्यात चमचे लपवायच्या आणि सापडले नाहीत की तिच्या अंगावर धावून यायच्या. नणंद महिन्याकाठी यायची, आईशेजारी ताठ बसायची, आणि जाताना दारात म्हणायची, "वहिनी, हिला संस्थेत ठेवा. तू मरशील." नणंद कस्टम्समध्ये होती. माणसाच्या तोंडाकडे बघून बॅगेच्या तळाशी काय आहे ते सांगते, अशी तिची ख्याती. नवरा आपल्या या बहिणीला कडक इस्त्री म्हणायचा. स्वतःच्या सख्ख्या आईबद्दल ती असं बोलू शकते, हे पाहून हिच्या अंगावर काटा यायचा. "आमच्या घरात माणसं टाकून देत नाहीत, वन्सं," असं ती एकदा ठणकावून बोलली होती, आणि ते वाक्य नंतर कितीतरी दिवस तिच्या अंगात उबदार राहिलं होतं. नवरा तेव्हा पेपर वाचत होता.  तो संध्याकाळी घरी यायचा, दारातूनच विचारायचा, "जेवली का आई?" आणि ती हो म्हणाली की त्याचा चेहरा सैल व्हायचा.

सासूबाईंचं पहिलं लक्षण काय होतं? संशय. डॉक्टरही म्हणाले होते, पुष्कळदा सुरुवात संशयाने होते, आणि तो सगळ्यात जवळच्या माणसावर येतो. म्हणजे आत्ता आत बसून बोलतोय तो आजार बोलतोय का? तसं असेल तर त्याची सही आताच बाद झाली, आणि हे वकीलबाईंना सांगायला हवं, दार ढकलून आत जायला हवं. आणि आजार बोलत नसेल तर? तर तो बोलतोय. अख्खा संसार केलेला माणूस, शुद्धीवर, चांगला शर्ट घालून, परक्या बाईला सांगतोय की माझी बायको नको. यातलं कोणतं खरं असलेलं आपल्याला चालेल, हे तिने स्वतःला विचारून पाहिलं, आणि आपल्याला तो आजार असलेला चालेल, असं उत्तर आतून आलं तेव्हा ती दचकली.  दोन्ही हात तिने मांड्यांखाली दाबून धरले.

दार उघडलं. "या," वकीलबाई म्हणाल्या, "यांची परवानगी आहे, म्हणून तुमच्यासमोर सांगते." नवरा टेबलापाशी सरळ बसला होता, हात गुडघ्यांवर. वकीलबाई सावकाश, एकेका गोष्टीवर थांबत सांगत गेल्या. घर तिचं. ती असेपर्यंत तिला तिथून कोणी हलवू शकणार नाही, आणि याच्या आजारपणाच्या खर्चासाठी ते विकायचं नाही, अगदी तिला स्वतःला वाटलं तरी. काही ठेवी याच्या देखभालीसाठी बाजूला, बाकीच्या तिच्या, त्यांना हात लावायचा नाही. बँकेचे व्यवहार तिने बघायचे. "पण यांनी राहायचं कुठे, घरी की संस्थेत, उपचार कोणते करायचे आणि कधी थांबायचं, हे यांच्या बहीण ठरवतील."

"म्हणजे मी नाही," ती म्हणाली.

"त्या तुम्हाला विचारतील. पण शेवटचा शब्द त्यांचा."

"संस्था कसली? यांना काय झालंय? अजून सगळं स्वतःचं स्वतः करतात." आपला आवाज चढतोय हे तिला कळत होतं. वकीलबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला, "आम्ही बघून आलोय. मी आणि ती. खोली बघितली. रस्त्याकडची."

"कधी?"

"तू दाताच्या डॉक्टरकडे गेली होतीस तेव्हा."

दुपारी जेवलो की नाही हे ज्याला संध्याकाळी सांगता येत नाही, त्याला तिचा दाताचा डॉक्टर आठवत होता. त्या दिवशी ती तोंडात कापसाचा बोळा धरून घरी आली तेव्हा हा खिडकीपाशी बसला होता, "दुखतंय का?" असं विचारलं होतं, आणि त्याच्या बुटांना माती होती. ती माती तिने पुसली होती. आणि तिला कळलं नव्हतं.

त्याने तीन ठिकाणी सह्या केल्या. सही करताना त्याच्या जिभेचं टोक नेहमीसारखं ओठांच्या कोपऱ्यात आलं. शिपायाला आणि खालच्या मजल्यावरच्या एका माणसाला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. ते दोघं उभ्या उभ्या सह्या करून गेले आणि त्यांच्यापैकी एकाने तिला "सांभाळा" असं म्हटलं. लिफ्टमध्ये नवरा बटणांसमोर उभा राहिला आणि त्यांच्याकडे बघत राहिला. एरवी तिने मागून हात लांबवून तळमजल्याचं बटण दाबलं असतं. ती थांबली. दोघंही त्या बंद डब्यात, आरशाकडे पाठ करून, नुसते उभे राहिले. "राग आला तुला," तो म्हणाला.

"का मी नको?"

"तू मला कधीच बाहेर काढणार नाहीस. आईच्या वेळी बघितलंय मी." त्याने श्वास घेतला. "म्हणून तू नको."

"अहो, पण तुम्हाला बाहेर काढायचंच कशाला?"

तो पूल तपासायचा, सगळं आयुष्य. हातात छोटी हातोडी घेऊन खांबाखांबाला टकटक करत फिरायचा. "पुलाला तडा गेला की वाहतूक बंद करायची," तो म्हणाला. "लोक शिव्या देतात. देऊ देत. माझ्या बहिणीला शिव्या खायची सवय आहे. तुला ती... तुला ते हे..." त्याचा हात हलला. तो तिच्याकडे बघत थांबला, नेहमीसारखा, तिने शब्द द्यावा म्हणून. तिने दिला नाही. लिफ्टला बाहेरून कोणीतरी बोलावलं आणि ती आपोआप खाली जायला लागली. संध्याकाळी दिवे लावताना त्याने विचारलं, "आज आपण कुठे गेलो होतो गं?" ती म्हणाली, "फिरायला."

त्यानंतर तिला भीती वाटायला लागली ती नणंदेची. आजाराची भीती होतीच, पण ती आभाळासारखी होती, सगळीकडे सारखी पसरलेली. नणंदेच्या भीतीला चेहरा होता, आवाज होता, आणि ती दर दोन दिवसांनी फोनमधून घरात यायची. "कसा आहे?" "छान. आज पूर्ण पेपर वाचला." त्याने पेपर उलटा धरला होता. "रात्री झोपतो ना?" "ढाराढूर." तो रात्री उठून कपाटातले सगळे शर्ट पलंगावर मांडायचा आणि कुठल्या तरी तपासणीला निघायची तयारी करायचा, आणि ती ते शर्ट पुन्हा कपाटात लावायची. "गॅस वगैरे?" "छे हो, स्वयंपाकघरात येतातच कुठे." गॅसचा नळ तिने मागून बंद करून ठेवायला सुरुवात केली होती. घरातल्या किल्ल्या ती गळ्यात दोरीला बांधून फिरायची. आंघोळीला जाताना बाहेरच्या दाराला आतून कुलूप घालायची आणि डोक्यावर पाणी ओतताना नळ मध्येच बंद करून ऐकायची. कान काढून घेणारी बाई ती, आता तिचे कान चोवीस तास घरभर पसरलेले असत. भिंतीमागे खुर्ची हलली, पाण्याचा पेला ठेवला गेला, चप्पल घासली, सगळं तिला कळायचं. आणि फोन वाजला की ती आधी घसा साफ करायची, आरशात बघून हसायची, मग उचलायची. नणंदेने ओळखू नये. नणंदेने एकदा ओळखलं की ती येईल, ताठ बसेल, आणि दारात उभी राहून म्हणेल, उद्या नेते. कागद तिच्याकडे होता. त्या कागदावर त्याची जिभेचं टोक बाहेर काढून केलेली सही होती, आणि ती सही चांगली पक्की, वळणदार होती.

नणंद भेटायला यायची ती दोन-तीन आठवड्यांतून एकदा. आदल्या दिवसापासून तयारी. "उद्या तुमची बहीण येणार आहे. काय विचारेल?" तो आठवून सांगायचा, "कसा आहेस." "मग तुम्ही काय म्हणाल?" "मजेत." "आणि पेन्शन आली का विचारलं तर?" "आली." "शाब्बास." शाब्बास तोंडातून निघून गेल्यावर तिला लाज वाटायची. त्याला मात्र ते आवडायचं. आणि खरी गंमत अशी की बहिणीसमोर तो खरोखरच ठीक असायचा. लहानपणचं घर, शाळेचा दगडी जिना, बहिणीने एकदा त्याच्यासाठी मारामारी केली होती ती, हे सगळं तो भराभर बोलायचा, एक शब्द अडायचा नाही. नणंद हसायची. नणंद हसली की दात दिसायचे आणि क्षणभर ती कडक वाटायची नाही. मग हसता हसता ती वहिनीच्या तोंडाकडे बघायची. ते बघणं तिला सहन व्हायचं नाही. चहाचे कप उचलायच्या निमित्ताने ती आत जायची आणि ओट्याला धरून उभी राहायची. आपण काय चोरून नेतोय, असं तिच्या मनात यायचं. नवरा तर आपलाच आहे.

मग ती दुपार आली. थंडी सुरू झाली होती. कपाटातून त्याने तिचा निळा स्वेटर शोधून दिला होता, तो घालून ती आरशासमोर केस विंचरत होती. तो दारात येऊन उभा राहिल्याचं तिला आरशात दिसलं. "झोप झाली?" तिने विचारलं. तो पुढे आला आणि त्याने तिचं मनगट धरलं. जोरात. फणी खाली पडली.

"कोण तू? हा स्वेटर कुठून आणलास?"

"अहो, मी आहे."

"हा माझ्या बायकोचा स्वेटर आहे." त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याच्या डोळ्यांत राग असेल असं तिला वाटलं होतं. तो नव्हता. तो जिवाच्या आकांताने घाबरलेला होता. "ती कुठंय? तिचं काय केलंस तू?" "मीच, मीच आहे ती," असं म्हणत ती हात सोडवायला लागली तसं त्याने मनगट पिरगाळलं. ती कळवळली. जितकं ती मीच म्हणत होती तितका त्याचा हात आवळत होता, कारण हे खोटं होतं, तिच्या स्वेटरमधली ही बाई तिच्याच आवाजात खोटं बोलत होती, आणि खरी कुठेतरी नाहीशी झाली होती. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हातात एवढी ताकद असते हे तिला माहीत नव्हतं. खांब ठोकत फिरलेले हात. आता हाड मोडणार, असं वाटलं तेव्हा ती म्हणाली, "ती बाहेर गेलीय. दुकानात. येईल आता."

हात सुटला. "दुकानात?" "हो. दूध आणायला." तो तिथेच पलंगाच्या कडेवर बसला.  "मग तू जा," तो म्हणाला. "ती यायच्या आत जा. ती घाबरेल." ती गेली. स्वेटर काढून कपड्यांच्या ढिगात टाकला, गळ्यातल्या किल्लीने बाहेरच्या दाराचं कुलूप काढलं आणि जिन्यात जाऊन उभी राहिली. जिन्यात कोणी नव्हतं. वरच्या मजल्यावर कोणीतरी गालिचा झटकत होतं. मनगट ठणकत होतं, आणि ती स्वतःच्याच घराच्या बंद दाराकडे बघत उभी होती. आत जायचं तर कोण म्हणून जायचं? तिने केस सारखे केले. मग घंटी वाजवली. त्याने दार उघडलं आणि तिला पाहताच तो तिच्या खांद्याला धरून आत ओढून घेत म्हणाला, "किती उशीर! कुठे होतीस? अगं, घरात एक बाई शिरली होती." त्याने दार लावलं, कडी घातली, कडीवर हात ठेवून उभा राहिला. "तुझा स्वेटर घातला होता तिने. घालवली मी. पण ती परत येईल." "नाही येणार आता," ती म्हणाली. "येईल," तो म्हणाला. "तू एकटी असलीस की येईल. मला वचन दे, तू एकटी राहणार नाहीस इथे." तिने वचन दिलं. त्याने तिचा हात हातात घेतला, दुखरा हातच घेतला, आणि बराच वेळ तो थोपटत बसला. तिला रडू आलं नाही. ती फक्त त्याच्या डोळ्यांवर नजर ठेवून होती, ते कधी बदलतील म्हणून.

त्यानंतरच्या रविवारी नणंद आली. मनगट काळंनिळं झालं होतं. तिने लांब बाह्यांचा कुडता घातला आणि कफचं बटण लावलं. नवरा इतका छान बोलला त्या दिवशी. बहिणीच्या पहिल्या पगाराची गोष्ट सांगितली, साहेबाची नक्कल केली, वर "कडक इस्त्री, तू म्हातारी झालीस" असं म्हणाला. नणंद मनापासून हसली. दोन तास गेले, काही घडलं नाही. तो हसण्याने दमून आतल्या खोलीत पडला. नणंद दाराजवळच्या स्टुलावर बसून बुटांच्या नाड्या बांधायला लागली. एक बूट झाला. "बरा आहे की गं," ती खाली वाकूनच म्हणाली. "मला उगाच घोर लागतो. निघते." हे आता संपणार होतं. दुसऱ्या बुटाची नाडी, मग दार, मग पुढचे दोन-तीन आठवडे सुटका. तिने दाराच्या कडीवर हातही ठेवला. आणि मग तिच्या लक्षात आलं की दार लागल्यावर आपण या घरात राहू आणि ती बाई राहील, आणि तो त्या बाईला कधी ना कधी मारून टाकील, बायकोला वाचवायला म्हणून. आणि मग बायकोला शोधत फिरेल.

"वन्सं, थांबा," ती म्हणाली. कफचं बटण निघेना. डाव्या हाताने ते काढताना तिची बोटं घसरत होती. नणंद नाडी हातात धरून वर बघत होती. शेवटी बाही वर गेली.

 नणंदेने ते मनगट दोन्ही हातांत घेतलं, उलटं केलं, पाहिलं.   "कधीपासून?" "हे परवाचं. बाकी... बरेच दिवस." "आणि तू मला छान छान सांगत होतीस." "तुम्ही न्याल म्हणून." नणंदेने मान हलवली. मग ती कुजबुजली, "मी आईच्या वेळी सारखी म्हणायचे ना, संस्थेत ठेवा. सोपं होतं गं. तू ठेवणार नाहीस, हे मला माहीत होतं." तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. "याने मला विचारलं तेव्हा मी हो म्हणाले. तेव्हापासून मला झोप नाही. फोन वाजला की छातीत धडधडतं, तू म्हणशील, या."

 नणंदेचा एक बूट बांधलेला, एक सुटा. नणंद आपल्याकडेच बघतेय, हे तिला कळत होतं. कागदावर नाव नणंदेचं होतं, पण दिवस कोणीतरी तोंडाने सांगायला हवा होता. "कधी?" नणंद म्हणाली. "तुम्ही सांगा ना." "मला नाही सांगता येत, वहिनी."  वहिनीने बाही खाली ओढून घेतली. "या आठवड्यात," ती म्हणाली. "गुरुवारी." आपला आवाज असा सरळ, असा न थरथरता येईल, असं तिला वाटलं नव्हतं. तो ऐकून तिला पहिल्यांदाच स्वतःची भीती वाटली. नणंदेने डोळे मिटून मान डोलावली आणि बांधलेल्या बुटाची नाडी पुन्हा सोडायला लागली. "आज मी इथेच राहते," ती म्हणाली.

तेवढ्यात आतल्या खोलीतला पलंग करकरला आणि त्याची हाक आली, झोपेतून उठल्यावर येते तशी जड, "अगं..."

कोणाला, ते कळलं नाही. बायकोलाही तो तशीच हाक मारायचा आणि बहिणीलाही. दोघींनी एकदमच ओ दिली. मग दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आधी कोण उठतं ते.